शून्यावर लॉक केलेला आकडा

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर ओढवली तो माझा नवरा आहे, आणि खोटं बोलायचं म्हटलं की तोंड उघडायच्या आधीच त्याचे कान लाल होतात. शिवाय ही रात्रीबेरात्रीची गोष्ट नाही. दिवसाढवळ्या घडलेली आहे, लिफ्टपाशी माणसांची रांग लागलेली असताना.

माझा नवरा एका मोठ्या ऑफिस इमारतीच्या कंट्रोल रूममध्ये बसतो. समोर स्क्रीन. सगळ्या मजल्यांचा एसी, पंखे, हवा त्यावरून चालते. कुठल्या मजल्यावर कोण कुडकुडतंय ते त्याला बसल्या जागी कळतं. घरात बायकोला ताप आलेला मात्र कळत नाही, ते सोडा.

ही नोकरी त्याला दाजींनी लावून दिली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे, वन्संचे यजमान. त्याच इमारतीत एसी मेकॅनिक होते.

तिथल्या तळघरात इमारत गार करणारी मोठी यंत्रं आहेत. त्यांचा गॅस गळला तर जमिनीलगत साचतो. वास नाही, रंग नाही. माणूस बसल्या बसल्या गुदमरतो. म्हणून भिंतीवर एक सेन्सर असतो. गॅस वाढला की वर स्क्रीनवर आकडा चढतो, अलार्म वाजतो आणि हवा बाहेर फेकणारा पंखा आपोआप लागतो.

तो सेन्सर बिघडला. काही नसताना बोंबलायचा.

साहेब म्हणाले, "शून्यावर लॉक करून टाक. नवा मागवू."

याने शून्य टाइप केलं, लॉक केलं. सेन्सरची वायरही काढून ठेवली. नवा काही आला नाही.

आणि एका दुपारी दाजी तळघरात उतरले...

वर आकडा शून्य.

अलार्म नाही. पंखा नाही.

सापडले तेव्हा भिंतीला टेकून बसले होते.

साहेबांनी त्याच संध्याकाळी अफवा उठवली, की पिऊन झोपला होता. ज्या माणसाने आयुष्यात थेंबाला शिवलं नाही, त्याच्याबद्दल! वन्संची लेक कॉलेजातून आली आणि तिने विचारलं, "आई, बाबा प्यायचे का गं?" वन्संनी माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं.

"तू तिथेच बसतोस. खरं काय ते तू सांग."

"चौकशी लागू दे ताई. सांगतो."

माझा नवरा भुताला भीत नाही. साहेबाला भितो.

तळघराला कुलूप लागलं. यंत्रं बंद. आणि काही दिवसांनी, जेवणानंतर...

शून्य हललं.

"फळ्यावर खडूने लिहिलेला आकडा आपोआप बदलेल का?" तो मला नंतर म्हणाला. "मी टाइप केलेलं शून्य आहे गं ते. वायर तिकडे लोंबतेय. आणि तरी..."

आकडा सावकाश चढत गेला. मग अलार्म वाजला.

याने अलार्म गप्प करायचं बटण दाबलं. आकडा उतरला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. वेळ तीच... दाजी खाली उतरले ती.

रोज आकडा चढायचा. रोज हा बटण दाबायचा. कुणाला अवाक्षर नाही, मलासुद्धा नाही. एकदा धीर करून खाली गेला. कुलूप जसंच्या तसं होतं. दाराला कान लावला...

आत कुणीतरी घसा खाकरला.

काम सुरू करण्याआधी दाजी खाकरायचे, तसं.

हा धूम पळत वर आला. आला तेव्हा अलार्म वाजत होता. त्याने बटण दाबलं.

शेवटी चौकशीचा अधिकारी आला. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझा नवरा बोलला. साहेबांच्या तोंडावर बोलला. "सेन्सर मेलेला आहे. साहेबांनी सांगितलं म्हणून मी आकडा लॉक केलाय. खाली चला, थोडा गॅस सोडून दाखवतो. आकडा हलला तर नाव बदलीन."

मुद्दाम सकाळची वेळ धरली होती त्याने. आकडा हलायचा तो दुपारी. सकाळी कधीच नाही.

साहेब आणि अधिकाऱ्याचा माणूस वर स्क्रीनसमोर थांबले. हा आणि अधिकारी तळघरात गेले. याने व्हॉल्व्ह जरासा उघडला. गॅस फुसफुसला.

"बस," अधिकारी म्हणाला.

व्हॉल्व्ह बंद होईना.

याने सगळा जोर लावला. अधिकारी मटकन खाली बसला. याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दार कुठल्या बाजूला आहे तेच समजेना. आणि मग...

अलार्म.

धडधडत पंखा लागला. हवा आली. अधिकाऱ्याला ओढत हा दारापाशी पोचला आणि त्याने एकदा मागे वळून बघितलं. सेन्सरची वायर लोंबतच होती.

दोघं वाचले. पण वर आकडा चढलेला साहेबांनी आणि अधिकाऱ्याच्या माणसाने डोळ्यांनी बघितला होता, मग लोंबत्या वायरचं कोण ऐकणार? अहवालात आलं, यंत्रणा चालू स्थितीत, मृत्यू स्वतःच्या हलगर्जीपणामुळे. साहेबांनी याच्या पाठीवर थाप मारली. "काय रे, नाव काय ठेवायचं आता तुझं?"

त्या संध्याकाळी हा वन्संकडे जाऊन ढसाढसा रडला. मी सोबत होते. रोजचा आकडा, रोजचं बटण, सगळं तेव्हा बोलला.

"दाजींनीच दगा दिला, ताई. तेवढी एक सकाळ शून्य राहिलं असतं तर..."

वन्सं कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हात थांबले नाहीत.

"आत कोण होतं तेव्हा?"

"मी. आणि अधिकारी."

"मग काय करायचं त्यांनी? तुला मरू द्यायचं?"



"रोज तुला हाक मारत होते ते. तू रोज बटण दाबलंस. आणि तू आत अडकलास, तर त्यांनी पंखा लावला. स्वतःच्या नावाला लागलेला डाग तसाच राहू दिला, पण पंखा लावला. ऊठ. जा घरी."

तेव्हापासून वन्संनी आम्हाला दार उघडलेलं नाही. मी त्यांना दोष देत नाही.

यंत्रं पुन्हा सुरू झालीत. नवा सेन्सर आलेला नाही. यंत्रणा चालू असल्याचा अहवालच आहे म्हटल्यावर साहेब कशाला मागवतील? दाजींच्या जागी नवा मेकॅनिक आलाय, तो रोज तळघरात उतरतो. मी नवऱ्याला म्हटलं, "त्याला तरी सांग." म्हणाला, "सांगतो." अजून सांगितलेलं नाही.

नवा माणूस वर येईपर्यंत हा स्क्रीनसमोरून उठत नाही. जेवणाचा डबा तसाच घरी येतो.

आकडा शून्य असतो. आता कधीच हलत नाही... खालची हवा चांगली आहे म्हणून, की दाजी निघून गेले म्हणून, ते त्याला कळत नाही.