तीन नंबरचं बटण

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाहीतर पुढे स्क्रोल करा. मला तुमच्या लाइकची गरज नाही.

पैंजण, पांढरी साडी, अमावस्या... यातलं इथे काही मिळणार नाही.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. दुपारचे अडीच. महाप्यातलं मासळीचं एक कोल्ड स्टोरेज.

मी निखिल, राहणार नेरूळ. लिनक्सवर चालणारे कॉम्प्युटर सांभाळायची कामं घेतो, आणि तेव्हा माझ्याइतका शहाणा ठाणे-बेलापूर रोडवर दुसरा कोणी नाही असं मला वाटायचं.

त्या स्टोरेजमध्ये तीन थंड खोल्या. आत उणे अठरा. प्रत्येक खोलीत दाराजवळ एक लाल बटण. कोणी आत अडकला तर त्याने ते दाबायचं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर खोलीचं नाव येतं आणि सायरन वाजतो.

ही सगळी जोडणी सितारामकाकांची. घणसोली गावातला साधा वायरमन. स्वतःच लिनक्स शिकला होता म्हणे. प्रत्येक केबलला रंगीत कागदाची चिठ्ठी, सेलोटेपने चिकटवलेली. बघूनच मला हसू आलं होतं.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. तीन नंबरच्या खोलीत, हार्ट अटॅकने. तेव्हापासून ती खोली बंद. तिच्या बटणाची वायरही कापून टाकलेली. तुटलेलं टोक मी स्वतः पाहिलंय.

हे लक्षात ठेवा.

खंडेनवमी म्हणजे मशीनचा दिवस. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक. तेही नेमकं स्क्रीनच्या मधोमध. या लोकांना काय बोलायचं?

मालक हरेशशेठ म्हणाले, "आज मशनीला हात नाय लावाचा, निखिल. सिताराम पन नाय लावायचा."

"शेठ, मशीनला काय कळतं आज कुठला वार आहे? तुम्ही पूजेला जा."

ते सगळ्यांना घेऊन बाजूच्या कंपनीत पूजेला गेले. मागे राहिलो मी आणि भावेश. भावेश तिथला जुना कामगार, चाळिशीचा.

"साहेब, एक नंबरमधी बांगड्याचे बॉक्स कलंडलेत. सारून येतो."

"जा," मी म्हणालो. मान वर न करता.

मला डिव्हाइस मॅनेजर अपग्रेड करायचा होता. सोप्या भाषेत सांगतो, नाहीतर तुमच्या डोक्यावरून जाईल. कॉम्प्युटरला काय काय जोडलंय ते हा ओळखतो आणि प्रत्येकाला नाव देतो. काकांनी ती नावं एका फाईलमध्ये हाताने लिहिली होती. एक खोली, दोन खोली, तीन खोली. वर मराठीत लांबलचक सूचना. त्या मी वाचल्यासुद्धा नाहीत.

अपग्रेड मध्येच थांबतो आणि विचारतो. फाईल तुम्ही बदललेली दिसते. नवी घालू? हो असेल तर वाय, जुनीच ठेवायची तर एन.

मी वाय दाबलं. वर जुनी प्रतही उडवली. वायरमनचा कचरा!

मशीन रीस्टार्ट केलं.

माउस गेला, नेटवर्क गेलं. अपग्रेड बिघडला की असं होतं, त्यात भूत नसतं. दुरुस्त करत बसलो. बटणांची नावंही उडाली होती, म्हणजे सायरन वाजणं शक्यच नव्हतं. ते नंतर बघू म्हटलं.

वीसेक मिनिटं गेली असतील.

आणि सायरन वाजला...

दोनदा. थांबला. पुन्हा दोनदा.

स्क्रीनवर एक ओळ होती. 'तीन खोली'.

मी वैतागलो. कापलेली वायर, उडवलेली फाईल, आणि हे नाव आलं कुठून? म्हटलं, म्हाताऱ्याने कुठेतरी आणखी घाण करून ठेवलीये. अख्ख्या मशीनमध्ये ते नाव शोधलं.

कुठेही नव्हतं...

मी बटणांच्या सगळ्या केबल उपटल्या. सायरनचीही वायर काढली.

शांतता.

कुंकवाच्या स्वस्तिकाखाली पुन्हा ओळ आली... 'तीन खोली'. मग आणखी एक. सावकाश, एकाखाली एक. कोणीतरी दमून दमून बटण दाबावं तशी.

तेव्हाही मी उठलो नाही. खरं सांगतो, मी त्या स्क्रीनला शिवी दिली.

एवढ्यात हरेशशेठ प्रसाद घेऊन परत आले. "भावेश कुठं हाय? त्याचा पेढा ऱ्हायला."

तो एक नंबरमधून परत आलाच नव्हता.

आम्ही धावलो. एक नंबरच्या दाराबाहेर त्याच्या चपला होत्या. आत जाताना गमबूट घालतात. दाराची आतली कडी अडकली होती. शेठनी पहार घातली तेव्हा दार उघडलं.

भावेश दाराशीच बसला होता. ओठ निळे, हात बटणावर. पाऊण तास तो ते बटण दाबत होता आणि त्या बटणाचं नाव मी पुसून टाकलं होतं.

तो वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तुम्ही म्हणाल, नावं अदलाबदल झाली असतील, एकच्या बटणाला तीनचं नाव लागलं असेल. मीही आठवडाभर स्वतःला हेच सांगत होतो. पण केबल माझ्या हातात होत्या हो!

हॉस्पिटलात भावेशला भेटायला गेलो. तो माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीकडे तोंड करून बोलला.

"हात उचलना तवा मागनं कोन तरी बोल्ला, ऱ्हाऊ दे, मी वाजवतो. आत दुसरं कोन नव्हतं, साहेब."

फाईल पुन्हा लिहावी लागली. काकांनी ती सगळी वहीच्या कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. मी समोर उभं राहून एकेक अक्षर टाइप केलं. पहिलीच सूचना अशी होती: 'खंडेनवमीला अपग्रेड करू नये. सगळे पूजेला असतात. सायरन ऐकायला माणूस नसतो.'

देवाधर्माचं त्यात काहीच नव्हतं. काका आणि मी, दोघांत मूर्ख कोण होतं, ते मला तिथे कळलं. माझी मलाच किळस आली.

ते काम मी सोडलं.

पण गेल्या महिन्यात घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर अपग्रेड लावला होता. नेहमीचा प्रश्न आला. नवी फाईल घालू? माझ्या दोन्ही हातांत चहाचा कप होता.

स्क्रीनवर आपोआप उमटलं... एन.

अपग्रेड पुढे सरकला. आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तरी पुन्हा उमटलं. एन. थांबून, पुन्हा एन. त्या दिवशीच्या 'तीन खोली'सारखं, दमून दमून.

मी लॅपटॉप बंद केला. अजून उघडलेला नाही. या वेळी मी कोणाला आत विसरलोय, तेच मला आठवत नाहीये.