सातव्या छिद्रातलं मेण

माझा धंदा आवाज मोठा करण्याचा. जवळा बाजारात बसस्टँडच्या मागे ‘विकास साउंड सर्व्हिस’ अशी पाटी आहे. ती मीच रंगवली, म्हणून थोडी वाकडी आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. खरखर आली की वायर तुटलेली असते, आणि शिट्टी आली की स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरलेला असतो. मग लोक कानांवर हात ठेवतात आणि साउंडवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

शिरड शहापूरच्या प्रेमानंदची शिट्टी मात्र काही केल्या जात नव्हती. तो पोस्टात होता. वर्षातून एकदा, जयंतीच्या कार्यक्रमात, वडिलांचा माउथ ऑर्गन वाजवायचा. चालही वडिलांचीच, भिवाजीबाबांनी बांधलेली. बाजा जुना, सातव्या छिद्रातली पितळी पत्ती केव्हाच तुटलेली. हवा निसटू नये म्हणून तिथं मेण भरलं होतं. चालीत तो सूर आला की भिवाजीबाबा बाजा ओठांपासून बाजूला करायचे, तेवढा सूर गळ्यातून गुणगुणायचे आणि बाजा पुन्हा ओठांना लावायचे. ते गेल्यावर प्रेमानंद वाजवू लागला, पण चारचौघांत गुणगुणायला त्याला लाज वाटायची. ती जागा तो रिकामी सोडायचा. शिट्टी बरोबर तिथंच यायची.

यात गूढ काही नव्हतं. माउथ ऑर्गनवाला माइक आणि बाजा एकाच मुठीत धरतो. मूठ सैल झाली की माइक स्पीकरसमोर उघडा पडतो. पण मागच्या वर्षी तीनदा शिट्टी झाली आणि कमिटीचे सोनाजी वैतागले. यंदा एकदा जरी वाजली तर पुढच्या वर्षापासून प्रेमानंद बंद, त्याच्या जागी नांदेडची गायन पार्टी. प्रेमानंदला स्वतःचं एवढं वाटत नव्हतं. त्याची आई पद्माबाई त्या पाच मिनिटांसाठी वर्षभर वाट बघायची. मी नवा बाजा घ्यायला सांगितलं, तर म्हणाला की एकदा आणला होता. आई ऐकता ऐकता उठून गेली.

मला त्या माणसाची फार दया आली. मी ओळखीपाळखीने शिट्टी दाबणारे तीन डबे जमवले, अँटी-फीडबॅकचे. शिट्टी धरू लागलेला सूर हुडकायचा आणि तेवढाच कापायचा, हे त्यांचं काम. हे दोन हजार चार साल. जयंतीच्या आदल्या दुपारी आम्ही विहाराच्या हॉलमध्ये बसलो. वर पत्रे तापलेले. पंखे बंद केले, त्यांचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून. पद्माबाई भिंतीशी सतरंजीवर बसल्या होत्या.

पहिल्या डब्याने सूर पकडला, लाल दिवा लागला. पुढच्या फेरीत तोच सूर पुन्हा आला.

दुसऱ्या डब्याला बारा कापण्या होत्या, बारा वेगवेगळ्या सुरांसाठी. त्याने बाराच्या बारा त्या एकाच सुरावर लावल्या. एका कडीला बारा कुलपं. तरी सूर आला, फक्त हळू. मी प्रेमानंदला मूठ घट्ट ठेवायला सांगितलं. त्याने ठेवली. तरी आला.

मग मी स्पीकरच्या वायरीच काढल्या. स्पीकर नाही तर शिट्टी नाही, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. कानाला हेडफोन लावला आणि वाजव म्हटलं.

रिकाम्या जागी मिक्सरवरचा आवाज मोजणारा काटा वर चढला.

हेडफोनमध्ये कुणीतरी गुणगुणत होतं. प्रेमानंद समोर होता, ओठ मिटलेले.

आणि गुणगुणण्याच्या आधी एक श्वास ऐकू आला, आत घेतलेला.

शिट्टीला श्वास घ्यावा लागत नाही.

मी हेडफोन काढला. हॉल शांत होता. हेडफोन फक्त माझ्याच कानाला होता, तरी पद्माबाई मान डोलावत होत्या.

मी वायरी जोडल्या, तिसरा डबा लावला. त्याने सूर गिळला. रिकामी जागा रिकामीच राहिली. प्रेमानंदचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. पद्माबाईंनी मला जवळ बोलावलं.

“काहून दाबून राहिला, बाबा?” त्या म्हणाल्या. “तेवढंच तर राह्यलंय त्यांचं.”

मी म्हटलं, “मावशी, शिट्टी झाली तर प्रेमानंदला बंद करतील.”

“शिट्टी न्हाई ती,” त्या म्हणाल्या. “तुमाला बी ठाव हाय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदान भरलं. सोनाजी मुद्दाम माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. प्रेमानंद वाजवू लागला. तिसऱ्या डब्याचा हिरवा दिवा चालू होता. मी खरंच घाबरलो होतो; भिवाजीबाबांना नाही, सोनाजींना.

ती जागा जवळ आली. मी डबा बंद केला.

सूर आला. खालचा, गोल, जरा थकलेला.

सोनाजींनी कानांवर हात ठेवले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या.

कार्यक्रम संपल्यावर सोनाजींनी प्रेमानंदच्या पाठीवर हात ठेवला. “गुणगुणलास लेका, बराबर बापासारखं. दरसाल हेच पायजे.” प्रेमानंद माझ्याकडे बघत राहिला. मी वायरी गुंडाळत होतो. नंतर त्याने बाजा नेहमीसारखा तळहातावर आपटून झटकला आणि मला दाखवला. सातव्या छिद्रातलं मेण नव्हतं. ते मला माझ्या माइकच्या जाळीवर सापडलं, आतून फुंकून बाहेर काढल्यासारखं चपटं झालेलं.

त्यानंतर तिथं कुणी मेण भरलं नाही. तिन्ही डबे मी ज्याचे त्याला परत केले. बाजा वर्षभर पद्माबाईंच्या पत्र्याच्या पेटीत असतो, किल्ली त्यांच्या कमरेला. परवा, या वर्षीच्या कार्यक्रमाआधी, त्यांनी माझ्यासमोर पेटी उघडली. बाजावर बारीक धूळ बसली होती. प्रेमानंदने हात पुढं केला, तर त्या म्हणाल्या, थांब. त्यांनी पदराचं टोक सातव्या छिद्राला लावलं, लेकराचं तोंड पुसावं तसं पुसलं, आणि मग बाजा त्याला दिला.

पदराचं टोक ओलं झालं होतं.