गच्चीला फुटलेला घाम

पैज लागली ती चुडामण सरांच्या बुडावरून.

चुडामण नारखेडे सर म्हणजे तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. हिशोबात बसत नाही ते खोटं, एवढं एकच तत्त्वज्ञान. आणि लीलाधर कोल्हे म्हणजे कूलर दुरुस्त करणारा, कॉलनीतल्या प्रत्येकाला एकदा तरी फसवून झालेला इसम. ठरलं असं, की मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, सरांनी कोकिळावहिनींच्या गच्चीवर नुसत्या लुंगीत अर्धा तास मांडी घालून बसायचं. बूड भाजलं तर सर जिंकले. नाही भाजलं तर लीलाधर. हरेल त्याने, जिंकणारा सांगेल ते, भर चौकात करायचं.

भुसावळच्या त्या रेणुका कॉलनीत दुपारी दोनला गच्चीवर चप्पल घालूनही कोणी जात नसे. पण वहिनींची गच्ची आता साधी राहिली नव्हती. सरकारचा नवा कायदा आला होता. पावसाळ्याआधी प्रत्येक जुनं घर सुधारायचं, फटी बुजवायच्या, गच्चीला लेप द्यायचा, म्हणजे कूलर-एसी कमी चालतील. दारादारावर एकेक धूरपाटी बसली होती. घराचा धूर मर्यादेत असेल तर हिरवी, नसेल तर लाल. घरातून धूर निघतो कुठे, असं सरांनी सरकारी निरीक्षक रुबिना तडवी मॅडमना विचारलं होतं. मॅडमनी नुसतं क्षितिजावरच्या वीज केंद्राच्या चिमणीकडे बोट दाखवलं.

"तिकडे निघतो सर. तुमच्या नावानं."

लेपाचं नाव चांदणलेप. दिसायला चुन्यासारखा पांढरा, पण काम वेगळं. तो ऊन तर परतवायचाच, शिवाय छतातली उष्णता थेट आभाळात फेकायचा, मधल्या हवेला न तापवता. कॉलनीत पहिली गच्ची लागली कोकिळावहिनींची, कारण यादीत त्यांचं घर पहिलं.

सर बसले. शेहेचाळीस तापमान. आजूबाजूच्या गच्च्यांवर पोरं, बाया, छत्र्या, एक जण तर दुर्बीण घेऊन. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वरून सर चांगलेच भाजत होते, पण पैज खालच्या बाजूची होती, आणि खालची बाजू सावलीतल्या ओट्यावर बसल्यासारखी निवांत होती. अर्धा तास भरल्यावर सर उठले, मागे हात लावून पाहिला आणि म्हणाले की लीलाधरने खाली बर्फ ठेवलाय.

लीलाधरने आईची शपथ घेतली. पण त्याची शपथ त्या कॉलनीत चालत नव्हती. याच माणसाने मागच्या साली पाणी कपातीची खोटी चिठ्ठी लावून सगळ्यांना पहाटे चारला बादल्या घेऊन नळावर उभं केलं होतं. सरांनी जाहीर केलं, पुरावा मिळेपर्यंत पैज अधांतरी.

इथवर गंमत होती. मग वहिनींनी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले.

कोकिळा भारंबे यांचं वर्षाचं पोट उन्हाळ्याच्या या सहा आठवड्यांत, बिबडे विकून भरायचं. ज्वारी तीन दिवस आंबवायची, भरडायची, लसूण-तीळ-मिरची घालून तिचा घाटा शिजवायचा, गरम गरमच ओल्या कापडावर थापायचा आणि गच्चीवर उन्हात टाकायचा. बारा बायका पहाटेपासून थापायला बसायच्या. भुसावळचं ऊन असं, की संध्याकाळपर्यंत बिबडा कडक वाजायला लागतो. त्या दिवशी सहाशे घातले. संध्याकाळी बघतात तर लिबलिबीत. वरून सुकलेले, खालून ओले. उद्या वाळतील म्हणून तसेच ठेवले.

सकाळी वहिनी गच्चीवर गेल्या आणि पाय घसरला. गच्चीवर पाणी. बारीक बारीक थेंब, कडेपासून कडेपर्यंत. सहाशे बिबडे फुगून चिकट झालेले, उचलायला गेलं की तुटत होते. पाऊस नाही, टाकी फुटली नाही. आणि शेजारची गच्ची, मधला कठडा ओलांडला की लगेच, लीलाधरची.

कॉलनीला दुसरा संशयित सुचलाच नाही.

सर सगळ्यात पुढे होते. म्हणाले, पैज जिंकायला याने आधी बर्फ ठेवला, आता गच्ची गार ठेवायला पाणी मारलं. लीलाधर हसत हसत बाहेर आला होता, लोकांची तोंडं बघून त्याचं हसू गेलं. वहिनी ओरडल्या नाहीत. तेच वाईट.

"भाऊ, दुसरी ज्वारी भिजलीय," एवढंच म्हणाल्या. "परवा थापावीच लागेल. ती थांबत नाही. माझ्या पोटावर गंमत नको होती करायला."

आयुष्यभर खोटं बोलून लोकांना हसवणाऱ्या माणसाला पहिल्यांदा खरं बोलायची वेळ आली, आणि त्याच्याकडे खरं बोलण्याचा सरावच नव्हता. तो म्हणाला मी नाही केलं, तेही त्याला स्वतःला खोटं वाटलं.

दुपारी त्याने तडवी मॅडमना गाठलं आणि त्यांना वहिनींच्या गच्चीवर आणलं. मॅडमनी सकाळच्या थेंबांचा फोटो बघितला. मग त्यांनी वहिनींकडून थंड पाण्याचा पेला मागवला आणि कठड्यावर ठेवला. पावसाळा जवळ आलेला, हवा दमट. थोड्या वेळात पेल्याला बाहेरून थेंब आले.

"पेल्याला कोणी पाणी मारलं?" मॅडमनी विचारलं. "रात्री हा लेप इतकी उष्णता आभाळात टाकतो, की गच्ची हवेपेक्षाही गार होते. मग हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. गच्चीला घाम फुटतो. आम्ही घरं गार करायची ठरवली, वाळवणाचा विचारच केला नाही. आमच्या अर्जात तो रकाना नाही."

सर म्हणाले, सिद्ध करा. सिद्ध करायची पद्धतही त्यांचीच. एक स्टीलचं ताट वहिनींच्या गच्चीवर, एक सरांच्या अजून लेप न दिलेल्या गच्चीवर. दोन्ही जिन्यांना कुलूप, किल्ल्या वहिनींकडे. आणि लीलाधर त्या रात्री झोपणार सरांच्या दिवाणखान्यात, सरांच्या नजरेसमोर. लीलाधर मस्त घोरला. पहारा करता करता सरच जागे राहिले.

सकाळी सरांच्या गच्चीवरचं ताट कोरडं होतं. वहिनींच्या गच्चीवरच्या ताटात बोट फिरवलं तर रेघ उमटत होती. सरांनी ती तीनदा उमटवून बघितली. मग चष्मा पुसला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. मी चुकलो ना भो."

पण थेंब खरे ठरले म्हणून बिबडे वाळणार नव्हते. दुसऱ्या दिवशी थापायचं होतं. लेप खरवडला तर वहिनींची पाटी लाल आणि काम कायद्याबाहेर. मॅडमनी तिथेच जिन्यावर बसून सगळा नियम पुन्हा वाचला. एका जागी थांबल्या. शेवटचा हिशोब एका घराचा नव्हता, वस्तीचा होता. एकतीस घरांची बेरीज मर्यादेत बसली की झालं. सरांनी तोंडी गणित करून सांगितलं, तीस गच्च्या पांढऱ्या असतील तर एक उघडी राहू शकते. एकच. त्या घराची पाटी लाल राहील, आणि त्या घरातली माणसं पूर्वीसारखीच उकडत राहतील.

सगळे आपापल्या नखांकडे बघायला लागले.

"माझी राहू द्या," लीलाधर म्हणाला. "वहिनींना कठडा ओलांडला की झालं. आणि एका घरात तरी कूलर चालू पाहिजे, नाहीतर मी धंदा विसरायचो."

लोक हसले, पण वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी आत जाऊन चहा टाकला आणि पहिला कप त्याला दिला.

राहिली पैज. कॉलनीला वाटलं होतं, लीलाधर सरांची मिशी मागणार. त्याने मागितले सहाशे बिबडे.

दुसऱ्या दिवशी पहाटे चौकात चूल मांडली. बारा बायकांच्या मधोमध, लुंगी खोचून, नारखेडे सर पाटावर बसले. घाटा गरम, हात पोळायचे, थापताना कापड सरकायचं. पहिला बिबडा त्रिकोणी झाला, दुसऱ्याला भोक पडलं. सरांचे जुने विद्यार्थी, आता पोटं सुटलेले, कामावर जाता जाता थांबून मार्क देत होते. चाळिसाव्या बिबड्याला वहिनींनी पस्तीस दिले, काठावर पास.

लीलाधरची गच्ची तापत होती आणि ओळीनं बिबडे तिच्यावर चढत होते. तेवढ्यात तडवी मॅडम आल्या. वरच्या ऑफिसनं काल फोनवरच मान्य केलं होतं, अर्जात नवा रकाना घातला होता. प्रत्येक वस्तीत एक उन्हाची गच्ची. फक्त एक अट. दरवर्षी तीच चालणार नाही, आळीपाळीनं बदलायची. पुढच्या वर्षीचं नाव त्यांना आत्ताच हवं होतं, कारण लेप दरवर्षी नव्यानं द्यायचा होता आणि ते घर पुढच्या यादीतून वगळायला लागणार होतं.

आठवडाभरात अजून तीन गच्च्या पांढऱ्या झाल्या होत्या. ज्या घरांत माणसं गार झोपली होती, ती चुलीकडे बघायला लागली. कोणी घाटा ढवळला. कोणी मुलाला उगाच हाक मारली.

सरांनी हातातला बिबडा पुरा थापला. तो बऱ्यापैकी गोल आला. मग त्यांनी कोपरापर्यंत बरबटलेले दोन्ही हात वर केले.

"माझे हात भरलेत मॅडम," सर म्हणाले. "माझं नाव लिहिता का? आणि त्याच्यापुढच्या वर्षीचंही कोणी आत्ताच सांगतं का?"