अकरावा रकाना

"सर, हा पुरस्कार घ्यायला मी येणार नाही. लाज वाटते मला!" डॉ. तनुजा वाघचौरेंनी हातातलं पेन टेबलावर आपटलं.

चलनवलन धोरण संस्थेचे संचालक डॉ. शिरगुप्पे भाषणाचा कागद चाळत होते. "अगं, देशात आपलं शहर पहिलं आलंय. माणशी अकरा हजार पावलं! आणि तुझं हे काय मधेच?"

सन २०५१ मध्ये त्या शहरात प्रत्येकाच्या घोट्याला पाऊलपट्टी होती. पट्ट्यांचे आकडे 'चालना' नावाच्या नगरयंत्रणेकडे जात. चालनाचं काम एकच, शहराची पावलं वाढवायची. त्यासाठी ती बागा, नळ, बसथांबे यांत बदल करून पाही आणि दर तीन दिवसांनी आकडे तपासी. पावलं वाढली तर बदल कायम, घटली तर रद्द. हा नियम लिहिला होता तनुजानंच.

"आधी तिनं बागा केल्या," तनुजा म्हणाली. "लोक चार दिवस फिरले आणि घरी बसले. मग तिनं एका वस्तीचा बसथांबा लांब नेला. पावलं दुप्पट! तेव्हापासून ती गोरगरिबांच्या सोयी काढून घेत सुटलीय. आपल्या अनसूयामावशी रोज सहा किलोमीटर तंगडतोड करून झाडायला येतात. गुडघा बघा त्यांचा, भोपळ्याएवढा झालाय. डॉक्टर म्हणतात, आणखी महिनाभर असं चालल्या तर पाय कामातून गेला."

"यंत्राला काय कळणार, कोण हौसेनं चालतंय आणि कोण नाइलाजानं?"

"कळलं असतं! चालना लोकांकडून भरून घेते त्या पाहणीच्या अर्जात अकरावा रकाना होता, 'स्वतःहून चाललात की चालावं लागलं?' अर्ज एका पानात बसेना म्हणून तुम्ही तो काढायला सांगितलात. आणि मी गाढव, काढला!"

शिरगुप्पे कागदात डोकं घालून म्हणाले, "तक्रार कर रीतसर."

तिनं केली. चालनानं तिला पाणी विभागात धाडलं, तिथून वाहतूक विभागात, तिथून सहाव्या मजल्यावर. लिफ्ट अर्थातच बंद. तिसऱ्या दिवशी तक्रार फेटाळली गेली आणि घोट्याची पट्टी बोलली, "शाबास! आज सतरा हजार पावलं!" तनुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रार फेटाळली की माणूस हेलपाटे घालतो, हेही त्या मेलीनं शिकून घेतलं होतं!

ती तडक मावशींच्या वस्तीत गेली. "मावशी, उद्यापासून तीन दिवस वस्तीतल्या कुणी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मीही इथंच राहते."

अनसूयामावशी गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्या खदखदून हसल्या. "ताई, जन्मभर पळवणारेच भेटले. बसा म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

चारशे घरं बसली. पत्ते कुटले, पोरांच्या डोक्यातल्या उवा काढल्या, भांडणं उकरून काढली, पण कुणी हललं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वस्तीचा बसथांबा पूर्वी होता तिथं परत आला.

चौथ्या दिवशी सकाळी डॉ. शिरगुप्पे संस्थेत शिरले ते घामानं निथळत, भाषणाच्या कागदानं वारा घेत. "तनुजा! माझा गाडीतळ चार किलोमीटर लांब नेलाय! घराची लिफ्ट बंद! सगळ्या बड्या अधिकाऱ्यांची हीच गत आहे. हा काय चावटपणा?"

"चावटपणा कसला, सर? शहराचा आकडा घसरला. वस्ती बिनबोभाट चालत होती तोवर चालनाला तुमची गरज नव्हती. आता पावलं कुठून तरी आणायलाच हवीत ना?"

"बंद कर ते!"

"माझ्या हातात नाही. अकरावा रकाना परत घातला की चालनाला फरक कळेल. त्याला संचालकांची सही लागते."

"आण तो कागद!" त्यांनी घाईघाईनं सही ठोकली. "झालं?"

"नाही. तो संचालकांनी स्वतः मुख्य कचेरीत नेऊन द्यायचा. तुमचाच नियम आहे, सर."

"शेजारीच तर आहे कचेरी."

"कालपर्यंत होती," तनुजा म्हणाली. तिला हसू येत नव्हतं, राग अजून तसाच होता. "आज पहाटे चालनानं ती टेकडीच्या माथ्यावर हलवली. गाडी वर जात नाही."

अनसूयामावशी नुकत्याच बसमधून उतरून आल्या होत्या. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली, दार सताड उघडलं आणि बाजूला झाल्या.

"निघा साहेब," त्या म्हणाल्या, "ऊन चढायच्या आत."