आखाजीची साडी

कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक होता. त्यावर ठेवलेली पिशवी त्याने पटकन मांडीवर घेतली आणि म्हणाला, "बसा ना मॅडम."

मी बसले नाही. निंबोल्याच्या आमच्या केळीच्या शेतात वाटा मागितल्यापासून जो कोणी गोड बोलायचा, त्याला शेवटी माझी सही हवी असायची. कडूकाका मावा जिलेबी घेऊन आले आणि ती संपायच्या आत म्हणाले, "सही करून दे, हिमानी बेटा." माझा सख्खा भाऊ भूपेंद्रदादा तर काकांच्याही पुढचा. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याने अंगणातल्या झोक्यापाशी माझ्यापुढे मोरपंखी साडी धरली. आमच्याकडची रीत अशी, की ती साडी बहिणीने घेतली म्हणजे तिने शेतातला वाटा सोडला. मी ती घेतली नव्हती. पण दादा कोर्टात सांगत होता, की घेतली.

मग हा बाकवाला कोण? नाव चंदन, राहणार जैनाबाद, केळी वाहणारी गाडी स्वतःची. एवढं त्याने न विचारताच सांगितलं. हसला की गालाला खळी पडायची... तीही मला संशयास्पदच वाटली.

पुढच्या तारखेला पुन्हा तोच, पुन्हा तीच पिशवी.

"तुमची कसली केस?" मी विचारलं.

"केस नाही, साक्ष आहे."

"कुणाकडून?"

"ते... आत्ता नाही सांगता येत."

"की सांगायचं नाही?"

"तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं, कसम से!"

मला हसू आलं. ते मी ओढणीत लपवलं आणि तिसऱ्या तारखेला तीच ओढणी इस्त्री करून नेली. पण फाटकाशी पाहते तर दादाचा हात चंदनच्या खांद्यावर! अंगाचा तिळपापड झाला. त्याचा राग आलाच, पण त्या इस्त्रीचा जास्त आला.

थोड्याच वेळात दादाचा साक्षीदार म्हणून चंदनच्याच नावाचा पुकारा झाला. तो पिंजऱ्यात उभा राहिला. माझ्याकडे बघेना. संपलं सगळं, मला वाटलं.

"आखाजीला तुम्ही यांच्या अंगणात गाडीत केळी भरत होता," दादाच्या वकिलांनी विचारलं. "हिमानीने साडीचं काय केलं?"

"झोक्यावर ठेवली."

"नीट आठवा."

"नीटच आठवतंय, साहेब. हातातसुद्धा धरली नाही, दोन बोटांनी उचलून ठेवली. आणि न जेवता निघून गेल्या. पुरणपोळीचं ताट तसंच राहिलं."

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. माझे डोळे भरून आले. त्या दिवशीचं कुणीतरी पाहिलं होतं, आणि पाहिलं तसं सांगितलं होतं.

संध्याकाळी राजघाटावर तो भेटला. तापीवरून गार वारा येत होता. त्याच्या हातात जिलेबीचा डबा होता.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तेच वकील म्हणाले असते, पोरीने पढवून आणलाय. तुमच्या दादाला वाटलं, त्याच्या शेतावर गाडी चालते माझी, म्हणजे मी तो म्हणेल तेच बोलेन."

"आता ते काम गेलं तुमचं."

"जाऊ द्या. तुम्ही साडी ठेवून निघालात ना, मागे वळून पाहिलंही नाही... तेव्हापासून दिल तिथेच अटकलंय माझं."

"खोटं."

"अजूनही शक?"

"सवय लागलीय." मी डबा उघडला. "या जिलेबीमागे सही हवी असेल, तर आत्ताच सांगा."

"हवी आहे."

माझा हात थांबला. बघा! मला माहीतच होतं.

"पण एकट्या तुमची नाही," तो कानापर्यंत लाल झाला. "शेजारी माझीही... लग्नाच्या रजिस्टरमध्ये. आधी निकाल लागू द्या. शेत तुमच्याच नावावर राहील."

"मी वाचल्याशिवाय कुठे सही करत नाही."

"मग वाचा ना... निवांत वाचा."

मी त्याच्याकडे निवांत पाहिलं. खळी होती, डोळेही खरे वाटत होते. मी जिलेबीचा तुकडा मोडला आणि त्याच्यापुढे धरला.

"आधी तुम्ही खा."