क्लेमेंटिनावरचं नाचघर

टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये बोटींच्या मॉडेल्सचं प्रदर्शन होतं. विनिता नुसती एसीच्या गारव्यासाठी आत शिरलेली. पण दोन धुराड्यांच्या एका पांढऱ्याशुभ्र बोटीपाशी ती थबकली. खाली नाव होतं — क्लेमेंटिना.

"रंग चुकलाय," ती म्हणाली.

बोटीमागून एक कुरळं डोकं वर आलं. "प्रवासी बोट होती. पांढरीच होती."

"माझे पणजोबा धोंडीबा चढले तेव्हा राखाडी होती. युद्धात सैनिक न्यायची. टॉर्पेडो लागला... ते परत आलेच नाहीत."

तो बोटीला वळसा घालून पुढे आला. "मी नेविल. माझे पणजोबा सेलेस्टीन तिच्यावर पाव भाजायचे. ते वाचले." मग हलकेच हसला. "म्हणजे तुझ्या पणजोबांनी आमच्या हातचा पाव खाल्लाय. ओळख जुनी आहे आपली."

"लाइन मारतोयस?"

"रंगवायला ये म्हणतोय. राखाडी. रविवारी, कोपरीला, माझ्या घरी."

ती गेली. एक रविवार, दुसरा, चौथा... दोघांचे ब्रश एकाच डबीत बुडायचे, बोटाला बोट लागायचं — आणि आतून नेविलची आई मर्सी उगाच भांडी वाजवायची.

पाचव्या रविवारी तो म्हणाला, "वीस तारखेला माझी बोट सुटते. सहा महिने. मी मर्चंट नेव्हीत इंजिनियर आहे... सांगायचं राहिलं."

"राहिलं — की टाळलंस?"

"टाळलं."

धोंडीबांनंतर विनिताच्या घरातलं कुणी बोटीवर चढलं नव्हतं. ती पर्स उचलून निघाली. आठवडाभर तिने फोन घेतला नाही.

अठरा तारखेला नेविलच्या घराची बेल वाजली. दारात विनिता आणि तिचे बाबा.

"आमचे आजोबा कुठे झोपायचे, दाखवाल?" बाबांनी विचारलं.

नेविलने मॉडेलचं छत अलगद उचललं. आत पूर्वीच्या प्रवाशांचं नाचघर, आणि त्यात दोऱ्याच्या इवल्या झोळ्या ओळीने टांगलेल्या. "इथेच झोपायचे सैनिक, काका. सेलेस्टीन सांगायचे, कोकणातली पोरं रोज संध्याकाळी गायची. हसायचीही खूप."

"हसायची?" बाबा झोळ्यांवर वाकले. "आमच्याकडे फक्त तार आलेली हो." मग डोळे पुसून ते स्वतःच हसले. मर्सीने त्यांना चहाला आत नेलं.

"माझी वाट बघशील?" नेविलने विचारलं.

"नाही."

त्याचा चेहरा उतरला.

"प्रेम आहे माझं तुझ्यावर," विनिता म्हणाली. "पण वाट बघणं आमच्या घरात खूप झालंय. लग्नानंतर बायकोला बोटीवर नेता येतं ना? पुढच्या खेपेला मी येणार. बाबांना विचार जा... चहा संपायच्या आत."

हातातलं छत तसंच धरून नेविल स्वयंपाकघराकडे धावला.