शेजारची सीट

बसा. गाडी गेटच्या आत घेतलीस ना? किती म्हणालास, चाळीस किलोमीटर एकोणीस मिनिटांत? शाबास! आणि हे तुझे दोघे मित्र वर टाळ्या देतायत. काकूने चहा ठेवलाय, तो घ्या आधी. मग पुतण्याच्या पराक्रमावरून मला एक आठवलं, ते सांगतो. ऐकीव नाही. ती गाडी माझ्याच गॅरेजात आली होती, आणि पस्तीस वर्षं मी चेपलेले पत्रे बडवून सरळ करतोय. बाकी कशात नसेल, पण पत्र्यातलं मला कळतं.

आमचं एक गिऱ्हाईक होतं. धंदा विम्याचा. बाजारात त्याला सगळे 'पायलट' म्हणायचे. लोक टिंगल करायचे आणि याची छाती फुगायची. टिंगल आणि कौतुक यातला फरक कळण्याइतकी अक्कल असती, तर तो असा झालाच नसता म्हणा.

दिवसभर हा लोकांसमोर बसून गळा काढायचा, "साहेब, आयुष्याचा काय भरवसा? उद्या तुम्हाला काही झालं तर?" आणि रात्री तोच माणूस हायवेच्या फाट्यापर्यंत एकशेचाळीसने. मी एकदा झापला, तर मलाच समजावायला लागला. "काका, मी खबरदारी घेऊन पळवतो." टायर दर महिन्याला तपासलेले. हवा साधी नाही, नायट्रोजन. पुढची काच लख्ख, पट्टा घट्ट, एअरबॅगा सहा. दारूला शिवत नव्हता, हे तर दहादा सांगायचा, जणू काही आम्ही त्याचा सत्कारच करणार होतो. मी म्हटलं, "हे सगळं तुझ्या कातडीसाठी झालं. समोरून चालत येणाऱ्यासाठी काय केलंस?" तर हसला. "रात्री एकनंतर रस्त्यावर असतं कोण, काका?"

कोणी नसतं, हे त्याला कळायचं कसं, ते ऐका. त्याचा मेहुणा रात्रपाळीला पेट्रोल पंपावर होता. पंप बरोबर मध्यावर, टेकाडावर. तिथून दोन्ही बाजूंचा रस्ता पार फाट्यापर्यंत दिसतो. पायलट निघताना फोन करायचा, "रस्ता?" मेहुणा बाहेर येऊन इकडेतिकडे बघायचा आणि सांगायचा, "मोकळा, दाजी." मेहुणा बघायचा काय? दिवे. लाईट दिसला तर गाडी आहे, लाईट नाही तर रस्ता मोकळा. दोघांनाही वाटायचं, काय डोकं चालवलंय! आता चालणाऱ्या माणसाला पुढे लाईट असतो का रे? पण एवढा साधा विचार दोन धडधाकट माणसांच्या डोक्यात तीन वर्षांत आला नाही.

बरं, एकदा आपटून झालं होतं. चार वर्षांपूर्वी याच्याच ऑफिसातल्या म्हाताऱ्या शिपायाची शेवटची बस चुकली. निवृत्तीला दोन महिने राहिलेले. पायलट मोठ्या मनाने म्हणाला, बसा, सोडतो. त्याच रस्त्यावर एक बंद पडलेला ट्रेलर उभा होता. गाडीची डावी बाजू त्याच्याखाली गेली. पायलटच्या कपाळावर तीन टाके. शेजारच्या सीटवरचा शिपाई जागच्या जागी गेला. आणि हा तेराव्याला आलेल्या माणसांना काय सांगत होता? "ट्रेलरला लाईट नव्हता. आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, मी सांगत होतो." म्हणजे चूक ट्रेलरची आणि मेलेल्या माणसाची. याची नाहीच. तिथे मी होतो. माझ्या तोंडातून शिवी बाहेर पडायच्या आत मी उठून आलो.

पुढच्याच महिन्यात त्याने ही सहा एअरबॅगांची गाडी घेतली.

तर, तो फेब्रुवारीतला तिसरा शुक्रवार. अमावास्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आकाशात चंद्राचं नावही नाही. बायको आणि सहा वर्षांची पोर बायकोच्या बहिणीकडून परत येत होत्या. बस त्यांना पावणेदोनला फाट्यावर सोडणार होती. घरापासून फाटा चौदा किलोमीटर. शहाणा माणूस एकला निघून तिथे उभा राहिला असता. हा एक वाजून सदतीस मिनिटांनी निघाला. थर्मासमध्ये पोरीसाठी गरम दूध, मागच्या सीटवर तिचं पांघरूण. पोरीवर जीव होता त्याचा, ते खोटं नाही म्हणणार मी.

गाव संपल्यावर फोन केला. "रस्ता?"

"एकसुद्धा लाईट नाही, दाजी. दोन्हीकडे."

झालं. पाय दाबला.

त्याला माहीत नव्हतं, आणि मेहुण्यालाही, की बस त्या दिवशी चाळीस मिनिटं आधीच आली होती. फाट्यावरच्या शेडमध्ये दोन दारुडे पडलेले. तिच्या फोनचा जीव केव्हाच गेलेला. ती बाई तिथे थांबली नाही. लांबवर भावाच्या पंपाचे दिवे दिसत होते. पोर खांद्यावर झोपलेली. पाइप टाकायला रस्त्याच्या दोन्ही कडा उकरलेल्या, म्हणून ती डांबरावरून चालत होती. मधोमध. अंगावर काळा स्वेटर.

पंप मागे पडला. मेहुण्याने हात केला. काटा एकशेचाळीसवर.

आणि... टिंग.

समोर लाल दिवा लागला, पट्ट्याचा. पायलटने छातीवर हात फिरवला. पट्टा होता. टिंग... टिंग... दिवा शेजारच्या सीटचा होता.

तो कधी वाजतो, तुम्हाला माहीत आहे. त्या सीटवर वजन असलं आणि पट्टा लावलेला नसला, की. नुसती भाजीची पिशवी ठेवली तरी बोंबलतो. पायलटने बघितलं. सीट रिकामी होती.

त्याने शोरूमवाल्याला शिवी घातली. एवढी महागाची गाडी आणि वायरिंग असलं! मग डावा हात लांब करून तिकडचा पट्टा ओढला. म्हटलं, खटक्यात अडकवून टाकू, म्हणजे गप्प बसेल.

पट्टा आला... अर्ध्यापर्यंत. पुढे येईना.

त्याने जोर लावला. खटका चार बोटांवर होता. पट्टा पोचत नव्हता. मधेच कशाला तरी अडला होता. हवेत. सीटपासून वीतभर पुढे, गोल फुगून राहिला होता.

जसा कुणाच्या पोटावरून...

टिंग. टिंग. टिंग.

आता नजर कुठे होती त्याची? एकशेचाळीसला? रस्त्यावर नव्हती. सहा एअरबॅगा, नायट्रोजनची हवा, लख्ख काच. आणि त्या काचेतून बघणारं कोणी नाही.

मग टिंगटिंग थांबली.

पट्टा लागलेला नव्हता. तरी थांबली.

नुसता टायरांचा आवाज. आणि त्यात... अगदी जवळ... कोणीतरी श्वास रोखून धरला.

पायलटचा हात पट्ट्यावरच. मान वळेना.

आणि गाडी थांबली.

हळू झाली नाही. थांबली. टायर किंचाळले, त्याचा पट्टा छातीत रुतला, थर्मास पुढे येऊन फुटला, इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. जळक्या रबराचा वास. समोर धूर. धूर बाजूला झाला...

दिव्यांच्या उजेडात बायको उभी होती. आठ पावलांवर. मी नंतर मोजलीत. पोरीला दोन्ही हातांनी छातीशी आवळून, डोळे गच्च मिटून.

मग तिने डोळे उघडले. गाडी ओळखली. धावत येऊन काचेवर थापा मारायला लागली. "तुम्हाला दिसत नाही का हो? आत्ता मेलो असतो आम्ही! वेळेवर ब्रेक लावलात म्हणून..."

तो खाली बघत होता. स्वतःच्या पायाकडे.

त्याचा उजवा पाय अजून ॲक्सिलरेटरवर होता. तळापर्यंत दाबलेला.

काय, चहा गार झाला ना? असू दे.

सोमवारी सकाळी शटर वर केलं, तर पायलट दारात. गाडी मेहुण्याने चालवत आणलेली. हा मागच्या सीटवर बसून आला होता, पट्टा लावून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. म्हणाला, "काका, ब्रेक बघा." बघितले. ब्रेक उत्तम. म्हटलं, ब्रेकला काही झालेलं नाही, ते वापरत जा म्हणजे झालं. एरवी दात काढून हसला असता. त्या दिवशी तो तिथेच फरशीवर बसला, त्या रात्रीचं सगळं सांगितलं आणि रडायला लागला. "काका, माझ्या हातून माझी पोर..." मला दया आली का? पोरीची आली. त्याला पाणी दिलं.

मेहुणा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी डावीकडचं दार उघडू देत नाहीत." मी उघडलं.

शेजारी बसलेला माणूस घाबरला की काय करतो, सांगा बरं? तुमची काकू नेहमी करते. मी जरा जोरात घेतली, की तिचा उजवा पाय खाली दाबला जातो. तिकडे ब्रेक नसतो, पेडल नसतं, काही नसतं. तरी दाबते बिचारी. सगळेच दाबतात.

त्या बाजूची रबरी मॅट फाटली होती. मॅट उचलली. खालचं कार्पेट फाटलं होतं. ते बाजूला केलं, तर पत्र्यात खोल खळगा. मग टॉर्च घेतला आणि गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो.

रस्त्यावरचा दगड लागला तर तळाचा पत्रा वर चेपतो. असे हजारो बडवलेत मी. हा पत्रा खाली आला होता. टाच, चवडा, अंगठ्याची बाजू, सगळं स्पष्ट. उजवा पाय. मोठ्या माणसाचा. आतून दाबलेला.